गुणगौरवाच्या स्टेजवर कोण नसतं?

दहावीचा निकाल १३ मे २०२५ रोजी लागला. ७ जूनला बकरी ईद झाली आणि त्यानंतर आपल्याकडं दरवर्षीप्रमाणे गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू झाला. कुठं शादीखान्यात, कुठं शाळेच्या हॉलमध्ये, कुठं जमातीच्या ऑफिससमोर मंडप टाकून. तिलावत होते, पाहुण्यांचं स्वागत होतं, मग एकेका मुलाचं नाव पुकारलं जातं. अमुक टक्के, माशाअल्लाह! टाळ्या वाजतात, ट्रॉफी हातात येते, फोटो निघतो आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो साऱ्या नातेवाइकांच्या मोबाईलवर पोहोचलेला असतो.

या मुलांना, त्यांच्या आईवडिलांना आणि शिक्षकांना आमच्याकडून दिल से मुबारकबाद. हे समारंभ वाया जातात, असं आम्ही म्हणणार नाही. ज्या घरात दहावीपर्यंत पोहोचलेलं हे पहिलंच पोर आहे, त्या घरासाठी तो दिवस ईदपेक्षा कमी नसतो. हातगाडी लावणारा बाप त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसतो. शिकलं तर मान मिळतो, हे मोहल्ल्यातली बारकी पोरं डोळ्यांनी बघतात. भाषणांतून हे होत नाही, बघण्यातून होतं.

पण गेल्या काही वर्षांत असे अनेक कार्यक्रम पाहिल्यावर आम्हाला एक गोष्ट खटकू लागली आहे. स्टेजवर कोण आहे, याची यादी आपण मोठ्या मेहनतीनं बनवतो. कोण नाही, याची यादी कुणीच बनवत नाही. आणि समाज म्हणून आपलं खरं प्रगतिपुस्तक त्या दुसऱ्या यादीत आहे.

या बॅचनं काय सोसलं

आधी यंदाच्या मुलांबद्दल. २०२५ ला दहावी दिलेली मुलं मार्च २०२० मध्ये पाचवीत होती. पाचवीची परीक्षा झालीच नाही, शाळांना कुलूप लागलं. सहावी जवळजवळ पूर्ण घरात गेली. सातवीतही शाळा मधेच सुरू, मधेच बंद. ज्या वयात अपूर्णांक, दशांश, इंग्रजीची वाक्यं आणि विज्ञानाचा पाया पक्का होतो, ती दोन वर्षं ही मुलं मोबाईलच्या स्क्रीनकडं बघत होती. तीही ज्यांच्या घरी मोबाईल होता ती. एका खोलीत पाच-सहा माणसं, तिघं भावंडं शिकणारी आणि मोबाईल एकच, तोही अब्बा कामावर जाताना खिशात घालून नेणार. आपल्या वस्त्यांमध्ये हे चित्र घरोघर होतं.

त्याच काळात अनेक घरांची कमाई बुडाली. भिवंडी-मालेगावचे पॉवरलूम थांबले, गॅरेज, टेलरिंग, बेकरी, भंगार, फेरी सगळं ठप्प झालं. आखातातून कित्येकजण परत आले. तेव्हा जी पोरं 'थोडे दिवस' म्हणून कामाला लागली, त्यातली सगळीच परत वर्गात आली नाहीत.

मग यंदाची परीक्षा. दहावीचे पेपर २१ फेब्रुवारी ते १७ मार्च या काळात झाले. रमजान सुरू झाला २ मार्चला. म्हणजे निम्मी परीक्षा रोजात. पहाटे सेहरीला उठायचं, फजर पढून पुस्तक उघडायचं, अकरा वाजता पेपरला बसायचं, दोन वाजता उन्हातून घरी यायचं, आणि संध्याकाळी इफ्तारीच्या तयारीत आईला हात लावायचा. विशेषतः मुलींनी. ज्या मुलामुलींनी हे करून पेपर दिले, त्यांच्या गुणपत्रिकेवर याची नोंद नाही. ९५ टक्क्यांवालीचं कौतुक आहेच, पण या सगळ्यातून ५२ टक्के घेऊन पास झालेल्या मुलाला आपण स्टेजवर बोलावतो का? बहुतेक कार्यक्रमांत ७५ किंवा ८० टक्क्यांची अट असते. अट ठेवायला हरकत नाही, ट्रॉफ्या मोजक्याच असतात. पण ५२ टक्क्यांवाल्याला 'तुझी गणती नाही' असा निरोप आपणच देतो, हे लक्षात ठेवलं पाहिजे. आणि तोच मुलगा ऑगस्टपर्यंत कुठल्यातरी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दिसतो.

शंभर टक्के निकालाच्या मागं

यंदा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. कोकण विभाग नेहमीसारखा पहिला, ९८.८२ टक्के. नियमित विद्यार्थ्यांपैकी सुमारे साडेपंधरा लाख मुलं परीक्षेला बसली आणि सुमारे साडेचौदा लाख पास झाली. या आकड्यांवरून वाटावं की दहावी आता काही अवघड राहिलेली नाही.

पण हा टक्का परीक्षेला बसलेल्यांचा आहे. जो बसलाच नाही, तो या हिशेबात येतच नाही. आठवीच्या वर्गात साठ मुलं होती, दहावीला बेचाळीस बसली आणि बेचाळीसही पास झाली, तर शाळेचा निकाल शंभर टक्के. फाटकावर फ्लेक्स लागतो. मधल्या अठरा मुलांचं काय झालं, हे फ्लेक्सवर नसतं. (हे आकडे आम्ही समजण्यापुरते घेतले आहेत, पण आपल्या ओळखीच्या कुठल्याही शाळेचं हजेरीपत्रक काढून हा हिशेब कुणालाही करता येईल.)

ही गळती बहुतेक वेळा नववीत होते. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. नववीपासून तो हक्क संपतो. खासगी शाळेत २५ टक्के कोट्यातून मोफत शिकणाऱ्या मुलाच्या घरी नववीत फीचा कागद येतो. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या बऱ्याच उर्दू व मराठी शाळा सातवी-आठवीला संपतात. पुढची हायस्कूल लांब असली, बस बदलावी लागली, की घरात पहिला प्रश्न मुलीच्या शाळेचा निघतो. शिवाय काही शाळांत एक रीत पडली आहे. कच्च्या मुलाला नववीत मागं ठेवायचं, किंवा पालकांना बोलावून 'याला बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरू द्या' असं सांगायचं. म्हणजे शाळेच्या निकालाला डाग लागत नाही. पालक शिकलेले नसतात, सर सांगतात ते बरोबरच असणार म्हणून मान हलवतात. फॉर्म भरायचा राहून जातो आणि शाळा कायमची सुटते.

सगळ्याच शाळा असं करतात, असं नाही. उलट कच्च्या मुलाला धरून ठेवण्यासाठी रविवारी वर्ग घेणारे, घरी जाऊन पोराला उठवून आणणारे शिक्षक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पण त्यांचा निकाल ९१ टक्के लागतो आणि शेजारच्या शाळेचा १००. मग आपली कमिटी कुणाचा सत्कार करते? शंभरवाल्यांचा. ज्या शिक्षकानं सर्वांत जास्त मुलं वाचवली, तो आपल्या हिशेबात मागं पडतो. आपण चुकीच्या गोष्टीला बक्षीस देत राहिलो, तर शाळाही तीच गोष्ट करत राहणार.

मुली पुढं गेल्या, मुलगे कुठं आहेत?

कोणत्याही गुणगौरव कार्यक्रमाचा ग्रुप फोटो काढून बघा. पंधरा-वीस मुली आणि कोपऱ्यात चार-पाच मुलगे. राज्यातही तेच दिसतं. यंदा मुलींचा निकाल ९६.१४ टक्के, मुलांचा ९२.३१ टक्के. हे आकडे सगळ्या समाजांचे मिळून आहेत, पण आपल्या घरांतला अनुभव याहून वेगळा नाही.

मुलींची ही झेप साधी गोष्ट नाही. एका पिढीपूर्वी सातवीनंतर मुलीला शाळेत पाठवणं म्हणजे खानदानात चर्चा. आज त्याच घरातली नात सायन्सला जायचं म्हणते आणि दादी तिच्या बाजूनं बोलते. या बदलाचं श्रेय आयांना आहे. स्वतः चौथीत शाळा सुटलेल्या आयांनी बचत गटाचे हप्ते, शिलाईचे पैसे जोडून पोरींना शिकवलं.

पण मुलग्यांचं काय? 'लडका है, कमा लेगा' या एका वाक्यानं आपली किती पोरं वर्गातून उठवली गेली, याचा विचार करा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी गॅरेजमध्ये, चिकनच्या दुकानात, डिलिव्हरीच्या गाडीवर त्याला दिवसाचे पैसे मिळू लागतात. घरात हातभार लागतो. त्या वेळी ते पैसे खरंच लागतात, हेही आम्ही नाकारत नाही. पण दहा वर्षांनी तो त्याच पगारावर असतो, आणि घरात ग्रॅज्युएट झालेल्या बहिणीसाठी स्थळ शोधताना अब्बा म्हणतात, 'बराबरी का लडका मिलता नहीं.' ही तक्रार आता जवळपास प्रत्येक घरात ऐकू येते. आणि अशा वेळी पुष्कळदा उपाय काढला जातो तो मुलीचं शिक्षण थांबवण्याचा! मुलगा मागं पडला म्हणून मुलीनं थांबायचं, हा कुठला न्याय?

दहावीनंतरची गळती

समजा मूल दहावी पास झालं, सत्कारही झाला. पुढं?

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यात म्हटलं होतं की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा त्यांची शाळा मधेच सुटली. त्यानंतर बराच फरक पडला आहे. केंद्र सरकारच्या उच्चशिक्षण पाहणीनुसार देशात कॉलेजात शिकणारे मुस्लिम विद्यार्थी २०१४-१५ मध्ये १५ लाखांच्या थोडे वर होते, ते २०२१-२२ मध्ये २१ लाखांवर गेले. त्यात साधारण निम्म्या मुली. ही वाढ खरी आहे. पण २०१९-२० ते २०२०-२१ या एका वर्षात हा आकडा पावणेदोन लाखांहून अधिकनं घसरला होता, हेही तितकंच खरं. म्हणजे एक संकट आलं की आपली मुलं किती पटकन बाहेर फेकली जातात, ते दिसलं. आणि २१ लाख हा आकडा मोठा वाटला तरी देशातल्या एकूण विद्यार्थ्यांत तो पाच टक्क्यांहून कमी भरतो. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या १४.२ टक्के आहे.

सरकारी मदतीचा रस्ताही अरुंद झाला आहे. पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना मिळणारी प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली, ती फक्त नववी-दहावीपुरती उरली. संशोधन करणाऱ्यांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप त्याच वर्षी बंद केली गेली. राज्यात २०१४ साली शिक्षणात ५ टक्के आरक्षण देण्याचा अध्यादेश निघाला, मुंबई हायकोर्टानं शिक्षणापुरता तो चालू ठेवायला हरकत घेतली नव्हती, तरी पुढं त्याचा कायदा झाला नाही आणि तो विषय तिथंच राहिला. या सगळ्यावर आवाज उठवत राहिलंच पाहिजे. निवेदनं, मोर्चे, कोर्ट, जे रास्त आहे ते सगळं. पण अकरावीच्या प्रवेशाची तारीख मोर्चासाठी थांबत नाही.

आणि इथं आपली दुसरी चूक होते. ज्या योजना चालू आहेत, त्यासुद्धा आपल्या मुलांपर्यंत पोहोचत नाहीत, कारण कागद नसतात. एक उदाहरण घेऊ. मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जुलै २०२४ पासून राज्य सरकारनं ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली आहे. फार्मसी, इंजिनिअरिंग, नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या आपल्या मुलींसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण मुलीच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, जुना जन्म-मृत्यू उतारा, काहीतरी. तो शोधायला वेळ लागतो. आपण शोधायला सुरुवात करतो बारावीच्या निकालानंतर, आणि तोवर मुदत संपते. आणि जे ओबीसीत येत नाहीत, त्यांनाही अटी बसत असतील तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो, हे कित्येकांना माहीतच नसतं.

म्हणून आमचं म्हणणं आहे की हे काम नववीत सुरू व्हायला हवं. शक्य तर आठवीत. त्याच वर्षी एनएमएमएसची परीक्षा असते. सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांनी ती पास केली आणि निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. ज्या घरात 'पैसे नाहीत म्हणून नववीत काढलं' असं होतं, त्या घराला हे पैसे आधार देऊ शकतात.

नापास झालेल्यांचं काय?

यंदा राज्यात नव्वद हजारांहून अधिक नियमित विद्यार्थी पास होऊ शकले नाहीत. त्यात आपलीही मुलं आहेत. निकालाच्या दिवशी या घरांत चूल पेटत नाही, आणि नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, 'अब कौनसे काम पे लगा रहे हो?'

खरं तर एक-दोन विषय राहिलेल्या मुलाचं वर्ष वाया जाण्याचं कारणच नाही. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. एक किंवा दोन विषयांत राहिलेल्यांना एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळू शकतो. हे मुलाला आणि त्याच्या अब्बांना निकालाच्या आठवड्यातच कुणीतरी घरी जाऊन सांगायला हवं. शाळेनं सांगायला हवं, आणि शाळेनं नाही सांगितलं तर मोहल्ल्यातल्या शिकलेल्या पोरांनी. गणित किंवा इंग्रजीचा महिनाभराचा वर्ग मशिदीच्या मदरशाच्या खोलीत संध्याकाळी घेता येतो. खोली आहे, पंखा आहे, शिकवायला बीएस्सीवाली मुलगी मोहल्ल्यातच आहे. फक्त कुणी तिला विचारलेलं नसतं.

यंदापासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. याआधी मोठ्या शहरांपुरती असलेली ही पद्धत आता तालुक्याच्या गावीही आली. पसंतीक्रम कसा भरायचा, अल्पसंख्याक कॉलेजात आपल्यासाठी असलेल्या ५० टक्के कोट्याचा अर्ज कसा करायचा, हे न कळल्यानं मुलं चांगलं कॉलेज हुकवतात. सायबर कॅफेवाला पैसे घेऊन जे भरेल ते भरेल, अशी पाळी येते. यात चूक मुलांची नाही.

सत्कार कसा करावा

आता मूळ मुद्द्यावर येऊ. कार्यक्रम बंद करा, असं आम्ही सुचवत नाही. कार्यक्रम थोडा बदला, इतकंच.

पहिलं, हजेरीपत्रक मागवा. प्रत्येक शाळेला नुसता दहावीचा टक्का विचारू नका. तीन वर्षांपूर्वी आठवीत किती होते आणि यंदा दहावीला किती बसले, ते विचारा. ज्या शाळेनं सर्वांत कमी मुलं गमावली, तिचा सत्कार सर्वांत आधी करा. एका कमिटीनं जरी हे सुरू केलं, तरी दोन वर्षांत मुख्याध्यापक स्वतः हा आकडा सांगू लागतील.

दुसरं, ट्रॉफ्या कमी करा. समजा एका ट्रॉफीचे, शालीचे आणि गुच्छाचे मिळून चारशे रुपये धरले आणि साठ मुलं धरली, तर चोवीस हजार झाले. त्यात पाहुण्यांच्या शाली, फ्लेक्स, जेवण वेगळं. मुलाला ट्रॉफीऐवजी अकरावीची पुस्तकं द्या, आणि उरलेल्या पैशातून चार मुलांची पुरवणीची फी आणि शिकवणी भागवा. मुलाच्या हातात कौतुकाचं पत्र द्या, त्यावर त्याच्या शिक्षकांनी दोन ओळी स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या असू द्या. ते पत्र तो ट्रॉफीपेक्षा जास्त वर्षं जपून ठेवेल.

तिसरं, शाळा म्हणजे नुसता पहिला नंबर नव्हे. शिष्यवृत्तीचे फॉर्म रात्री उशिरापर्यंत बसून भरणारे क्लार्क, पावसात दहा मिनिटं उशिरा आलेल्या पोरांसाठी गेट उघडं ठेवणारे शिपाई मामू, रमजानमध्ये स्वतः रोजात असताना जादा तास घेणाऱ्या मॅडम, वर्गातल्या कच्च्या मित्राला रोज गणित समजावणारा मुलगा, यांना स्टेजवर बोलवा. आईला बोलवा. बहुतेक कार्यक्रमांत आया पडद्याच्या मागं किंवा शेवटच्या रांगेत बसतात आणि ट्रॉफी घ्यायला अब्बा जातात. ज्या आईनं पहाटे चारला उठवलं, तिचं नाव तरी माईकवर घ्या.

चौथं, पुरवणीत पास झालेल्यांचा, १७ नंबरचा फॉर्म भरून, रात्रशाळेत शिकून, काम करता करता दहावी काढलेल्यांचा वेगळा सत्कार करा. लग्नानंतर पुन्हा पुस्तक उघडून पास झालेल्या बायका आपल्याकडं आहेत. त्यांचं नाव पुकारलं, तर हॉलमध्ये बसलेल्या, शाळा सुटलेल्या दहा जणांच्या मनात पुन्हा सुरू करायचा विचार येईल.

पाचवं, त्याच दिवशी हॉलच्या दारात एक टेबल लावा. भाषणं दोन कमी करा. टेबलावर दोन पोरं लॅपटॉप घेऊन बसू द्या: अकरावीचा अर्ज, आयटीआय, पॉलिटेक्निक, दाखले, शिष्यवृत्ती. टाळ्या वाजवून घरी जाण्याऐवजी पालक एक काम करून घरी जातील. पाहुण्यांना बोलवायचं असेल, तर पुढाऱ्याइतकंच मोहल्ल्यातल्या त्या मुलाला बोलवा जो आयटीआय करून रेल्वेत लागला, त्या मुलीला बोलवा जी नर्स झाली. त्यांनी रस्ता कसा काढला, हे ऐकायला पोरांना आवडतं.

हे आपल्याला जमण्यासारखं आहे

कुणी म्हणेल, हे सगळं सरकारचं काम आहे. काही अंशी खरं आहे. पण आपल्या समाजानं सरकारची वाट बघत बसून शाळा उभ्या केलेल्या नाहीत. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी १८७४ साली मुंबईत अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली, तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं आणि समाज शिक्षणाकडं संशयानं बघत होता. त्या एका सुरुवातीतून शाळा, कॉलेजं, तंत्रशिक्षणाच्या संस्था उभ्या राहिल्या. कोकणातल्या गावागावांत परदेशी कमवायला गेलेल्यांनी पैसे पाठवून हायस्कूलच्या इमारती बांधल्या. त्या पिढीनं भिंती उभारल्या. आपल्या पिढीचं काम त्या भिंतींच्या आत मूल दहावीपर्यंत, आणि तिथून पुढं, टिकवण्याचं आहे.

कुरआनचा सर्वांत आधी उतरलेला शब्द 'इकरा' आहे, हे प्रत्येक गुणगौरव कार्यक्रमात सांगितलं जातं. तो हुकूम ९० टक्क्यांवाल्यांपुरता नाही. इमामसाहेबांनी जूनमधल्या एखाद्या जुम्याला खुत्ब्याआधीच्या बयानात एवढंच सांगितलं, की 'आपल्या गल्लीत ज्याची शाळा सुटली आहे त्याच्या घरी या आठवड्यात जा', तरी पुष्कळ होईल.

शाळा आता सुरू झाल्या आहेत. तुमच्या गल्लीत गेल्या वर्षी आठवीत असलेली मुलं नववीत बसली आहेत का, हे बघायची हीच वेळ आहे. एक वही घ्या. वीस-पंचवीस घरं असतील. प्रत्येक घरातल्या बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींची नावं लिहा, कोण कुठल्या वर्गात आहे ते लिहा. ज्याच्या नावापुढं काहीच लिहिता येत नाही, त्याच्या घरी आधी जा. चहा प्या, अब्बांशी बोला, कारण विचारा. फी असेल तर जकात-सदक्यातून मार्ग काढता येईल. कागद असेल तर तो काढता येईल. मूल स्वतःच कंटाळलं असेल तर आयटीआय आहे, मुक्त विद्यालय आहे, रात्रशाळा आहे.

पुढच्या वर्षी निकाल लागेल, पुन्हा मंडप पडेल, पुन्हा नावं पुकारली जातील. त्या दिवशी ही वही स्टेजवर असू द्या. टक्केवारीची यादी वाचून झाली की अध्यक्षांनी तीही वाचून दाखवावी: गेल्या वर्षी आपल्या मोहल्ल्यात शाळा सुटलेली इतकी मुलं होती, त्यातली इतकी परत वर्गात बसली. त्या आकड्याला वाजलेल्या टाळ्यांत आम्हीही सामील होऊ, इन्शाअल्लाह.